ओव्हनमधले ओट्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यजमानांची अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टरांनी नाश्त्याला ओट्स सुचवले, पण दुधात शिजवले की खळीसारखे होतात आणि दोन घासांनंतर ते वाटी बाजूला सारतात. फळं घालून ओव्हनमध्ये भाजलेले ओट्स चालतील का? प्रमाण द्यावं. – एक वाचक, सातारा

उत्तर : चालतील, अगदी रोज चालतील. यजमान ज्या चिकटपणाला कंटाळले आहेत, तोच ओट्सचा गुण आहे. बीटा-ग्लुकॅन हा ओट्समधला विरघळणारा तंतुमय घटक आतड्यात जेलीसारखा फुगतो आणि पित्तातली आम्लं धरून शौचावाटे बाहेर नेतो. नवी आम्लं तयार करायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं, म्हणून रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 साली ओट्सच्या पाकिटावर हृदयासाठीच्या फायद्याचा उल्लेख करू दिला, तो दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकॅन धरून. 50 ग्रॅम कोरड्या ओट्समधून साधारण 2 ग्रॅम मिळतं. भाजल्यावर चिकटपणा वडीच्या आत मुरतो, जिभेला खुपत नाही. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका.

चौघांसाठी 20 सेंटिमीटरचं चौकोनी भांडं घ्या. 200 ग्रॅम रोल्ड ओट्स, म्हणजे जाड चपटे, झटपट शिजणारे नव्हेत. त्यात एक चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ मिसळा. दुसऱ्या भांड्यात दोन पिकलेली केळी कुस्करून 450 मिलिलिटर डबल टोन्ड दूध, एक अंडं आणि एक मोठा चमचा शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल फेटा. दोन्ही एकत्र करून दहा मिनिटं तसंच ठेवा. ओट्सनी दूध प्यायला हवं. घाईने ओव्हनमध्ये ढकललं तर ओट्स तळाशी बसतात आणि दूध वर तरंगतं. मग एक सफरचंद सालीसकट बारीक चिरून घाला, वर 30 ग्रॅम अक्रोडाचे तुकडे पसरा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये मधल्या जाळीवर 180 अंशांना 35 ते 40 मिनिटं. कडा भांड्यापासून सुटल्या आणि मध्यभाग हलवल्यावर डचमळला नाही, की झालं. पंधरा मिनिटं निवू द्या, मगच कापा.

लोणी आणि खोबऱ्याचा कीस कृपया घालू नका. दोन्हींत संपृक्त चरबी भरपूर असते आणि तीच एलडीएल वाढवते. अंड्याची धास्ती नको, एकाच्या वाट्याला पाव अंडं येतं.

प्रश्न : आमच्याकडे अंडं चालत नाही, ओव्हनही नाही. – एक वाचक, जळगाव

उत्तर : दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. बुळबुळीत झाली की अंड्याच्या जागी तीच. चटणीसाठी भाजलेलं जवस चालेल, मात्र तिखट-मीठ न घातलेलं. पूड ताजी हवी. जवसाचं तेल लवकर खवट होतं आणि तो वास सगळ्या वडीला लागतो.

ओव्हनऐवजी जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर आणि त्यावर स्टँड ठेवा. झाकून दहा मिनिटं तापवा, मग डबा आत ठेवून मंद आचेवर 50 मिनिटं. झाकणाला आतून कापड बांधा, म्हणजे वाफेचं पाणी डब्यात गळणार नाही. वरचा थर फिकाच राहील. कुरकुरीत कड हवी असेल तर काप तव्यावर थेंबभर तेलात परतून घ्या.

प्रश्न : दोनदा केलं. एकदा मध्ये गिच्च, एकदा रबरासारखं. – एक वाचक, ठाणे

उत्तर : गिच्च होण्यामागे बहुतेक वेळा फळांचं पाणी असतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आत मिसळली की भरपूर रस सोडते. ती चिरून, टिपून, शेवटच्या पंधरा मिनिटांत फक्त वर पसरा. आंबा तर भाजूच नये, खाताना वर घ्यावा. कच्चा अननस दुधात भिजवला तर त्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि मिश्रण कडवट होतं. घालायचाच तर आधी पाच मिनिटं शिजवून निथळून घ्या. सफरचंद, पेर आणि केळं यांत धोका सर्वांत कमी.

रबरासारखं होतं ते झटपट ओट्समुळे किंवा मिश्रण खूप घोटल्यामुळे. बारीक ओट्सचा स्टार्च लगेच सुटतो आणि घट्ट बसतो. चमच्याने चार-सहा वेळा उलथंपालथं केलं की पुरे. काचेचं भांडं वापरत असाल तर पाच मिनिटं जास्त धरा, काच हळू तापते.

प्रश्न : मधुमेह आहे. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर चालेल ना? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. खजुराची पेस्टही त्यातच मोजा. केळं दोनऐवजी एक आणि सफरचंद एकाऐवजी दोन करा. गोडीचा भास दालचिनी, वेलची आणि व्हॅनिलाने पुष्कळ येतो. पाव भांड्याचा तुकडा खाऊन दोन तासांनी साखर तपासा. जास्त आली तर तुकडा लहान करा आणि सोबत उकडलेलं अंडं किंवा वाटीभर बिनसाखरेचं दही घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळ्यांतल्या पोटॅशियमबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : तयार मसाला ओट्स वापरले तर वेळ वाचेल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : वेळ वाचेल, पण पाकिटावर सोडियमचा आकडा पाहा. रक्तदाब असलेल्या माणसाला हा नाश्ता रोज द्यायचा असेल तर साधे ओट्सच घ्या. वेळ रविवारी वाचवा: भांडंभर भाजून काप करा, फ्रिजमध्ये चार दिवस राहतात. सकाळी तव्यावर झाकण ठेवून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये करायचे तर वर चमचाभर दूध शिंपडा, नाहीतर कडा वातड होतात.