आल्फव्हेन वाचायचा तर पुरता वाच

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पेपर परत आल्याचं कळलं. रेफरीचा, म्हणजे नियतकालिकासाठी लेख तपासणाऱ्याचा, अहवालही वाचला. ‘आल्फव्हेनलाही आधी कुणी विचारलं नव्हतं’ असं तू लिहिलं आहेस. प्लाझ्मावाल्या (विद्युतभारित कणांच्या वायूवर काम करणाऱ्या) प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य एकदा तरी येतंच, म्हणून त्यावरच लिहितो.

गोष्ट खरी आहे. चुंबकीय वादळांवरचा स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हानेस आल्फव्हेन यांचा १९३९चा लेख अमेरिकी नियतकालिकानं नाकारला. त्या विषयातले मातब्बर सिडनी चॅपमन यांच्या मताशी तो जुळत नव्हता. मग तो स्वीडिश विज्ञान अकादमीच्या प्रकाशनात आला, म्हणजे बाहेरचं फारसं कुणी फिरकणार नाही अशा जागी. १९४२ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचं छोटंसं टिपण आलं. सुवाहक द्रव चुंबकीय क्षेत्रात असला, की त्यातली क्षेत्ररेषा (क्षेत्राची दिशा दाखवणारी रेषा) तंबोऱ्याच्या ताणलेल्या तारेसारखी वागते आणि तिच्यावरून लाट धावते. क्षेत्र दुप्पट केलं तर वेग दुप्पट, घनता चौपट केली तर वेग निम्मा. वाहकात विद्युतचुंबकीय लहर आत शिरतेच कुठे, असं म्हणून लोकांनी ते बाजूला सारलं. १९४८ मध्ये शिकागोत त्यांचं व्याख्यान ऐकून नामवंत भौतिकशास्त्रज्ञ फर्मींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळेच ‘अर्थातच!’ म्हणू लागले, असं सांगतात. मला हा किस्सा फारसा रुचत नाही. स्टिग लुंडक्विस्ट यांनी १९४९ मध्ये पाऱ्यात आणि बो लेनर्ट यांनी १९५४ मध्ये वितळलेल्या सोडियममध्ये या लाटा शोधल्या. सोडियम म्हणजे पाणी लागलं की भडकणारा धातू. फर्मींच्या मानेपेक्षा मी ते सोडियमचं भांडं मोठं मानतो.

पण तू अर्धीच गोष्ट सांगतोस. याच माणसानं विश्वाच्या जन्माचा महास्फोट सिद्धांत नाकारला आणि विश्वात द्रव्य व प्रतिद्रव्य समसमान आहे असं मांडलं. तसं असतं तर दोन्ही भिडून नष्ट होतात तिथून गॅमा किरण यायला हवे होते; हवे तेवढे ते सापडले नाहीत. हट्ट तोच, फक्त इथे निसर्ग त्यांच्या बाजूनं नव्हता. पेपर नाकारला गेला यावरून तू बरोबर की चूक, यातलं काहीच सिद्ध होत नाही.

आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम नोबेलवाल्या लाटेत नाही. प्लाझ्मात क्षेत्ररेषा ‘गोठलेल्या’ असतात, म्हणजे प्लाझ्मा जाईल तिकडे त्याही जातात, ही कल्पना त्यांचीच. ती इतकी सोयीची निघाली की खगोलशास्त्रज्ञांनी ती सरसकट लावली. तेव्हा आल्फव्हेन स्वतःच तिच्यावर तुटून पडले. विरळ प्लाझ्मात क्षेत्ररेषेच्या दिशेनंच विद्युत क्षेत्र उभं राहू शकतं आणि मग गोठणं संपतं, हे ते पुढची कित्येक वर्षं सांगत राहिले. १९७०च्या नोबेल व्याख्यानातही कागदावरचे देखणे सिद्धांत प्लाझ्मा जुमानत नाही, असा त्यांचा सूर होता. (क्षेत्ररेषा तुटून नव्यानं जोडल्या जातात, त्या चुंबकीय पुनर्जोडणीच्या बाबतीत मात्र त्यांचा विरोध अति झाला.) स्वतःच्या सर्वांत लोकप्रिय कल्पनेवर असं किती जण उलटतात? तू एच-इंडेक्स (लेखांना किती संदर्भ मिळाले त्याचा आकडा) मोजत बसतोस. त्या हिशेबानं त्यांनी गप्प बसायला हवं होतं.

प्रभावाचंच म्हणशील, तर २८ एप्रिल २०२१ रोजी ‘नासा’च्या पार्कर यानानं सूर्याच्या १८.८ त्रिज्यांवर जी सीमा ओलांडली, तिला त्यांचंच नाव आहे. सूर्यातून वाहणाऱ्या सौरवाऱ्याचा वेग जिथे त्यांच्या लाटेच्या वेगाला गाठतो, तिथे ती सीमा ठरते.

आता रेफरीचा तिसरा मुद्दा. तुझ्या प्रवाह-थरात (विद्युतप्रवाहाच्या पातळ थरात) क्षेत्र गोठलेलं कशावरून, असं तो विचारतो. तो तुझा वैरी नाही. आल्फव्हेन जे विचारत होते तेच तो विचारतोय. उत्तरादाखल तू लुंडक्विस्ट अंक दिला आहेस (हो, तोच पाऱ्यावाला लुंडक्विस्ट; अंक मोठा, तर क्षेत्र गोठलेलं), पण त्यात सूर्याच्या किरीटातल्या (बाह्य वातावरणातल्या) अख्ख्या चुंबकीय कमानीची लांबी घातली आहेस. तशानं तो अवाढव्य येणारच. थराची जाडी घालून पुन्हा काढ आणि सोमवारपर्यंत आकडे पाठव.

तुझा,
सर