कमानी राहू द्या, आधी टेप घ्या

प्रश्न : आमच्या जुन्या गल्लीतली घरं दुमजली, रस्त्याला खेटून उभी. आमचं घर आता राहण्याजोगं उरलं नाही. तिथे तीन मजल्यांत सहा घरं बांधायची आहेत. शेजारी म्हणतात, गल्लीला शोभायचं तर कमानी आणि नक्षीचे कठडे हवेतच. मुलाला दर्शनी भाग पूर्ण काचेचा हवाय. ताई, कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको.

मी आर्किटेक्ट. पंचवीसेक वर्षांपूर्वी अशाच एका गल्लीत इमारत बांधताना मी शेजाऱ्यांचं ऐकलं होतं. साच्यातून काढलेल्या कमानी, तसलेच कठडे, सगळं हौसेनं चिकटवलं. खाली मात्र गाड्यांसाठी नुसते खांब. काम संपल्यावर समोरच्या आजी आल्या. कमानींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "अगं, पण हिचं दार कुठंय?" दार मागे होतं, जिन्यापाशी. रस्त्याकडे तोंड होतं ते गाड्यांचं.

तेव्हापासून मी आधी मापं घेते. तुम्हीही घ्या. दर किती फुटांवर दार येतं, जोतं किती उंच, खिडक्या उभट की आडव्या, वळचणीची रेषा कुठून जाते. शेजारची घरं 15 फुटी आणि तुमची भिंत सलग 45 फूट असेल, तर ती परकीच वाटणार, मग कितीही नक्षी करा. तिचे उभे तीन भाग पाडा. तळमजल्यावरच्या दोन्ही घरांना रस्त्यावरून थेट दार द्या, तिसरं दार जिन्याचं. तिसरा मजला मागे घ्या. किती मागे, ते अंदाजानं नको. समोरच्या कडेला उभ्या माणसाच्या डोळ्यापासून दुसऱ्या मजल्याच्या वरच्या कडेवरून रेघ ओढली की कळतं; तिसरा मजला त्या रेघेखाली लपला पाहिजे.

इंग्लंडमधल्या नॉर्विचला गोल्डस्मिथ स्ट्रीट ही पालिकेनं बांधलेली शंभरेक घरांची वसाहत आहे. 2019 साली तिला स्टर्लिंग पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला वास्तुरचनेचा मानाचा पुरस्कार, मिळाला. तिच्या आर्किटेक्टनी, मिखाइल रिचेस या फर्मनं, जवळच्या व्हिक्टोरियन घरांच्या रांगांकडून घेतली ती रस्त्याची अरुंदी : समोरासमोरच्या घरांत फक्त 14 मीटर. मागच्या रांगेचं ऊन अडू नये म्हणून छपरांचा उतार बेतला. रस्त्यावर दारं आली आणि गाड्या वसाहतीच्या कडेला गेल्या. माझ्या मते निम्मं काम त्या शेवटच्या निर्णयानंच झालं.

मुलाला सांगा, काच वाईट नाही, पण ती मागच्या अंगाला. अरुंद गल्लीत समोरासमोर काच लावलीत तर पहिल्याच आठवड्यात पडदे येतील, आणि गल्लीला दिसेल ते नुसतं कापड. विटेची कमान भार पेलते म्हणून ती कमान. काँक्रीटच्या सांगाड्यावर ती कुंकवासारखी टेकवायची कशाला? रंगाचं फार मनावर घेऊ नका, तो बदलता येतो.

गाड्या एका कडेच्या बोळानं मागे न्या. मागे चारच मावल्या तर चारच. सहाव्या गाडीसाठी तळमजला देऊ नका.

आराखडा मंजुरीला देण्याआधी आर्किटेक्टकडून एक चित्र मागा : दोन्ही बाजूंची चार-चार घरं आणि मधे तुमचं, सगळं एकाच मापात. ते शेजाऱ्यांना दाखवा. आणि हो, त्यात उभ्या गाड्याही काढायला सांगा. आम्ही आर्किटेक्ट त्या नेमक्या विसरतो.