रात्री टॉर्च मारून बागेतल्या फुलांचे फोटो कसे काढायचे? फ्लॅशने फूल अगदी सपाट पांढरं येतं

पहिले फ्लॅश बंद करा. फ्लॅश लेन्सच्या शेजारूनच फुलावर आदळतो, सावली पडतच नाही, आणि सावली नाही म्हटल्यावर पाकळीला उठाव कुठून येणार! त्यात फूल पांढरं असेल तर कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

मी हे शिकलो ते आमच्या गॅलरीतल्या ब्रह्मकमळावर. (आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मूळचं मेक्सिकोकडचं, निवडुंगाच्या कुळातलं, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच, पण हे आईला सांगून उपयोग नाही.) त्याची एकच रात्र असते, त्यामुळे तयारी आधीच करून ठेवावी लागते. लोंबणारी कळी फुगली आणि तिने मान वर उचलली की समजायचं आज उमलणार, मी तेव्हाच ट्रायपॉड लावून टाकतो. साधारण आठ-नऊला उमलायला लागतं, अकरा-बारापर्यंत पूर्ण फुलतं, सकाळी बघाल तर मान टाकलेली.

सेटिंग म्हणाल तर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) 100, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक) एफ 11, शटर 15 सेकंद उघडं, फोकस टॉर्चच्या उजेडात घेऊन मग मॅन्युअलवर टाकायचा नाहीतर अंधारात लेन्स नुसती पुढेमागे करत बसते, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, आणि 2 सेकंदाचा टायमर. मोबाइलला प्रो मोड असेल तर त्यातही जमतं. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर नको, एलईडी टॉर्चने फूल निळसर येतं आणि ऑटोवर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा, मग नंतर नीट करताना वैताग येतो. आणि टॉर्च न लावता एक फोटो काढून बघाच, तो जवळपास काळा आला पाहिजे. नाही आला तर रस्त्यावरचा दिवा आत येतोय, अ‍ॅपर्चर अजून बारीक करा.

आता मुख्य गोष्ट. शटर 15 सेकंद म्हणजे टॉर्चही 15 सेकंद मारायचा असं नाही हो, मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि फोटोत पाकळ्या नुसत्या पांढऱ्याफट्ट आल्या. फुटभर अंतरावरून 3-4 सेकंद खूप झाले, तेही टॉर्चवर बटर पेपर लावून आणि हात सतत हलता ठेवून. त्यातला बराचसा वेळ मागून आणि बाजूने द्या, समोरून अगदी ओझरता. मागून उजेड आला की पाकळी आतून पेटल्यासारखी दिसते, तिच्या शिरा दिसतात, मधला तो चांदणीसारखा पांढरा तुरा उठून येतो. फक्त टॉर्चचं तोंड लेन्सला दिसता कामा नये, नाहीतर फोटोत उजेडाची रेघ उमटते. मी काळ्या चार्ट पेपरची वीतभर नळी करून टॉर्चला रबरबँडने बसवलीय.

वाऱ्याचं टेन्शन फार घेऊ नका. अंधारात फूल कितीही हललं तरी काही उमटत नाही, टॉर्च चालू असतानाच स्थिर हवं. म्हणून शटर दाबून वारा थांबायची वाट बघायची आणि मग मारायचा, पण एकदा मारून झाल्यावर फूल जागचं हललं आणि तुम्ही परत मारलात तर दोन फुलं दिसणार.

आणि घरातल्यांना आधी सांगून ठेवा! ब्रह्मकमळ उमललं की आमच्याकडे अर्धी बिल्डिंग जमते. गेल्या वर्षी ऐन शटर उघडं असताना शेजारच्या काकू पूजेचं ताट घेऊन आल्या, "अरे अंधारात काय बसलायस" म्हणत ट्यूब लावली आणि मी तोंड उघडायच्या आत फुलाला हळदकुंकू वाहून मोकळ्या झाल्या. त्या रात्रीचे पुढचे सगळे फोटो कुंकवासकट आहेत, आणि मागून टॉर्च मारला की पांढऱ्या पाकळीवरचं ते कुंकू काय दिसतं म्हणून सांगू!