मित्र एमबीए करत्यात, मी पण करू का?

प्रश्न: ताई, मी सांगलीचा, बीकॉम झालंय. पप्पांची मार्केट यार्डात हळदीची आडत आहे. मित्र सगळे एमबीएच्या सीईटीचा फॉर्म भरत्यात, पप्पा म्हणतात दोन वर्षं कशाला घालवतोस, दुकानात बस.

उत्तर: मित्र भरत्यात हे कारण नको बघ. कुणाला इंजिनिअरिंगनंतर फील्ड बदलायचं असतं, कुणाला पगार वाढवायचा असतो आणि खरं सांगू, कुणाला नोकरी लागत नाही म्हणून दोन वर्षं ढकलायची असतात (लग्नाचा विषय टाळायला पण करतात हो!). तुझं वेगळं आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन (म्हणजे ही हळद याच भागाची खास, अशी सरकारी ओळख) मिळालं, पण आडतीतून पोती जातात आणि पाकिटावर ब्रँड दुसऱ्याचाच असतो, मग ते पाकीट आपण का नाही काढायचं, एक्सपोर्टला काय लागतं, उधारीत अडकलेला पैसा किती महाग पडतो, हे शिकायचं असेल तर खुशाल कर. फक्त आधी वर्षभर सौद्याला उभा राहा, हळकुंड मोडून रंग बघायला शीक, ते कॉलेजात नाही शिकवत. सीईटी काय, दरवर्षी असते. आणि कॉलेजची इमारत बघून भुलू नको, मागच्या बॅचच्या पोरांनाच फोन करून विचार कुठं लागलात म्हणून.