सैनिकी सेवेची ‘दुहाई’, की पुण्याई?

एका वाचकानं विचारलं आहे: माजी अमेरिकी खासदार चार्ल्स रँगेल यांच्यावरच्या लेखात मी ‘गैरवर्तनाचे आरोप होताच त्यांनी लष्करी सेवेची दुहाई दिली’ असं लिहिलं. हे मराठीत चालेल का?

‘दुहाई देणे’, म्हणजे एखाद्या गोष्टीचं नाव घेऊन दाद मागणं, हे हिंदीतून आलंय. आपल्याकडे ‘द्वाही’ आहे, पण ती फिरवतात, देत नाहीत. सत्तेची दवंडी असा तिचा अर्थ. तेव्हा इथे ती कामाची नाही.

चटकन सुचतो तो ‘पुण्याई’ हा शब्द, आणि मला तो फार प्रिय आहे. ‘पुण्याई आड आली म्हणून वाचला’ असं आपण म्हणतो. यात पुण्याई आपली आपण आड येते, तिला कुणी ओढून आणत नाही. शिवाय ते म्हणणारा बहुधा दुसराच असतो. स्वतःविषयी बोलताना माणूस ‘आईवडिलांची पुण्याई’ म्हणतो. ‘माझी पुण्याई बघा’ असं कुणी म्हटलं तर कानाला खटकतं. म्हणून नेत्यानं स्वतःच वर्दीची आठवण करून दिली, तर तिथे ‘पुण्याई’ बसत नाही. त्याच्या बाजूनं मतदार तसं बोलले तर बसते.

स्वतःच केलं तर ‘ढाल करणे’ किंवा ‘वर्दीआड लपणे’. पण ढाल वार झेलायला असते, म्हणजे ती वाराआधी पुढे यायला हवी. तुमच्या वाक्यात नेमकी इथेच अडचण आहे. ३० नोव्हेंबर १९५० रोजी कोरियात कुनुरी इथे चिनी फौजांनी वेढलेलं असताना जखमी रँगेल यांनी चाळीसेक सैनिकांना डोंगर ओलांडून बाहेर काढलं. त्यासाठी त्यांना पदक मिळालं. त्या दिवसानंतर आपला एकही दिवस वाईट गेला नाही, असं ते नेहमी सांगत. २ डिसेंबर २०१० ला प्रतिनिधीगृहानं ३३३ विरुद्ध ७९ मतांनी त्यांच्यावर ठपका ठेवला. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या घराच्या भाड्यावरचा कर न भरणं हे त्यामागच्या कारणांपैकी एक. ठपक्यानंतर सभागृहात बोलताना त्यांनी कुनुरीच्या त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला. वार होऊन गेला होता. त्याला ढाल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

रँडी कनिंगहॅम यांचं उदाहरण शेजारी ठेवा. व्हिएतनाम युद्धातले नौदलाचे वैमानिक, १० मे १९७२ या एका दिवसात शत्रूची तीन मिग लढाऊ विमानं पाडणारे. पुढे खासदार झाल्यावर २००५ मध्ये त्यांनी लाचखोरीचा गुन्हा कबूल केला. शिक्षा ठरण्याआधी बचाव पक्षानं त्यांची युद्धसेवा न्यायालयापुढे मांडली. गुन्हा कबूल झालेला असल्यानं इथेही ढाल नाही. हा ‘दाखला देणे’. शिक्षा किती द्यायची हे ठरवताना माणसाचं आधीचं आयुष्य पाहतातच, त्यात वावगं काही नाही. शिक्षा झाली आठ वर्षं चार महिन्यांची.

‘भांडवल करणे’ हा शब्द मी निवडणुकीसाठी राखून ठेवीन. तिथे नफा मिळवायचा असतो. आरोपाच्या वेळी नुकसान टाळायचं असतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘सभागृहानं ठपका ठेवल्यावर रँगेल यांनी कुनुरीच्या लढाईची आठवण काढली.’ चौकशी चालू असताना एखाद्यानं प्रश्नाला उत्तर न देता पदकं दाखवली, तर मात्र बेधडक ‘सैनिकी सेवेची ढाल पुढे केली’ असं लिहा.