पहिल्यांदाच राफ्टिंगला जाताना

प्रश्न : आमच्या कार्यालयातील आठ जणांनी मिळून राफ्टिंगला जाण्याचा बेत केला आहे. मला जेमतेम पोहता येते, तेही तरणतलावात. एका सहकारी भगिनींना तर मुळीच पोहता येत नाही. लाइफ जॅकेट असल्यामुळे काळजीचे काही कारण नाही, असे आयोजक सांगतात. पोहता न येणाऱ्याने जावे का, आणि पाण्यात पडल्यास नेमके काय करावे?

उत्तर : पोहता येत नाही एवढ्याच कारणासाठी बेत रद्द करण्याची गरज नाही, परंतु आयोजकांचे उत्तर अपुरे आहे. रॅपिडची, म्हणजे नदीच्या वेगवान, खळाळत्या टप्प्याची, काठिण्यपातळी १ ते ६ अशा आंतरराष्ट्रीय श्रेणींत सांगितली जाते. पहिल्या श्रेणीत पाणी वाहते, पण लाटा किरकोळ असतात. सहाव्या श्रेणीच्या वाटेला निष्णात मंडळीही क्वचितच जातात. आपल्या गटासाठी दुसरी श्रेणी उत्तम, फार तर तिसरी. पोहता न येणाऱ्याने त्यापुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ही श्रेणी कायमची नसते. एकच रॅपिड कमी पाण्यात सौम्य आणि पुराच्या पाण्यात उग्र असू शकतो, आणि वरच्या अंगाला धरण असेल तर विसर्गानुसार एकाच दिवसात पातळी बदलते. म्हणून आयोजकांना ‘सुरक्षित आहे ना?’ असे न विचारता ‘किती पाणी वाढले की तुम्ही फेरी रद्द करता?’ असे विचारावे. ज्याच्याकडे याचे ठरलेले उत्तर नाही, त्याच्याबरोबर न गेलेले बरे.

आपल्या सहकारी भगिनींबाबत एक भेद लक्षात घ्यावा. पोहता न येणे निराळे आणि पाण्याची धास्ती असणे निराळे. तोंडावर पाण्याचा सपकारा बसताच ज्याचा श्वास अडकतो आणि शेजारच्याची हाकही कानात शिरत नाही, अशा माणसाने पोहता येत असले तरी आधी संथ पाण्यात जॅकेट घालून तरंगून पाहावे. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर दुसऱ्या कोणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर सैल आहे, हे निश्चित. याच्या जोडीला डोक्यावर घट्ट बसणारे हेल्मेट हवे.

आता पडण्याविषयी. खरा धोका पडण्यात कमी आणि पडल्यावर उभे राहण्याच्या धडपडीत अधिक असतो. पायांना तळ लागला की उभे राहावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण वेगवान प्रवाहात तसे करताना पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकू शकते. तरंगणाऱ्या शरीराला प्रवाह आपल्याबरोबर नेतो. पाय अडकला की तोच प्रवाह पाठीवर आदळू लागतो, माणूस पुढे कोलमडतो आणि जॅकेट अंगात असूनही मांडीभर पाण्यात त्याचे डोके वर येत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे अशा वेळी निव्वळ ताकदीने सुटका होत नाही. म्हणून पडताच उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून पायांची बोटे पाण्याबाहेर दिसतील इतके वर उचलावेत, आणि पाणी संथ व उथळ होईपर्यंत उभे राहू नये. श्वास दोन लाटांमधल्या खळग्यात घ्यावा, कारण लाटेचा माथा तोंडावरच फुटतो. पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असल्याने जॅकेट तेथे कमी उचलते. क्षणभर पाण्याखाली गेलो तर ते निकामी झाले असे समजू नये. राफ्टच्या, म्हणजे हवा भरलेल्या होडीच्या, खाली सापडल्यास दोन्ही हात वर टेकवून एकाच दिशेने सरकत राहावे, म्हणजे कड सापडते.

मार्गदर्शकाने दोर फेकल्यास दोर धरावा, तो ज्या पिशवीतून सुटत येतो ती पिशवी नव्हे. तो हाताला कधीही गुंडाळू नये. छातीशी धरून एका खांद्यावरून मागे जाऊ द्यावा आणि उताणेच राहावे. या उताण्या स्थितीला एक अपवाद आहे. पात्रात झाड आडवे पडले असेल तर फांद्यांतून पाणी निघून जाते आणि माणूस गाळणीतल्या चोथ्यासारखा अडकतो. ते टाळता येत नसेल तर पालथे होऊन, डोके पुढे ठेवून, जोरात पोहत जावे आणि खोडावर अंग चढवावे.

हे सारे पडल्यानंतरचे झाले. राफ्टमध्ये टिकून राहायचे तर पाऊल समोरच्या आडव्या फुगीर नळीखाली पक्के खोचावे आणि वल्हवत राहावे. मोठी लाट आली की नवखा माणूस वल्हे आत ओढून अंग चोरतो; प्रत्यक्षात पाण्यात रुतलेले वल्हे आधाराचे काम करते, आणि राफ्टचा वेग टिकला तरच ती लाट ओलांडते. ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘गेट डाउन’ (राफ्टमध्ये खाली बसा) या आज्ञांचा सराव काठाजवळच्या संथ पाण्यात करून घेतल्याशिवाय मार्गदर्शकाला निघू देऊ नये. वल्ह्याच्या टोकाची मूठ हातातून सोडू नये, कारण सुटलेली मूठ पाण्यापेक्षा आधी शेजाऱ्याच्या दातांवर बसते.

प्रश्न : मी चष्मा वापरते. तो काढून ठेवावा का? कपडे कोणते घालावेत?

उत्तर : चष्म्याशिवाय मार्गदर्शकाचे हातवारे दिसत नसतील तर चष्मा ठेवावा, पण डोक्यामागून घट्ट बसणाऱ्या पट्टीने बांधून. कॉन्टॅक्ट लेन्स वाहून जाण्याची शक्यता असल्याने त्यांवर विसंबू नये. सुती कपडे पाणी धरून ठेवतात आणि अंगातली ऊब घालवतात, म्हणून लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे घालावेत. नदीचे पाणी बर्फाळ असेल तर आयोजकांकडून वेटसूट (अंगाची ऊब टिकवणारा घट्ट रबरी पोशाख) मागून घ्यावा, कारण ऊन कितीही कडक असले तरी पडल्यावर अंगाला भिडते ते पाणीच. चपला पहिल्याच लाटेत जातात, तेव्हा बंद आणि पायाला घट्ट बसणारे बूट हवेत. अंगठ्या दोरात अडकतात, त्या काढून ठेवाव्यात, आणि चष्म्याची दुसरी जोडी असल्यास ती गाडीत ठेवावी.