काठमांडू एका दिवसात उरकू नका

नेपाळच्या प्रवासाबद्दल बरीच पत्रं आलीत, त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतलेत. पोखरा, मुक्तिनाथ, जनकपूर सध्या बाजूला ठेवलंय, या वेळी फक्त काठमांडू आणि त्याला लागून असलेली पाटण आणि भक्तपूर ही दोन जुनी शहरं.

प्रश्न: दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन जातोय, दोघंही सत्तरीच्या आसपास आहेत. टूरवाल्याने काठमांडूसाठी एकच दिवस ठेवलाय. सकाळी पशुपतिनाथ, मग बुढानीलकंठ, स्वयंभू, बौद्धनाथ, दुपारनंतर दरबार स्क्वेअर आणि संध्याकाळी ठमेलला शॉपिंग. जमेल का एवढं? (एक वाचक, नाशिक)

नाही जमणार, आणि ओढूनताणून जमवलंत तरी आई-बाबांचे हाल होतील. काठमांडूचं ट्रॅफिक पुण्याच्या माणसालाही नकोसं होईल असं आहे, त्यात बुढानीलकंठ शहराच्या पार उत्तर टोकाला शिवपुरीच्या डोंगराखाली, स्वयंभूचा स्तूप पश्चिमेला टेकडीवर आणि पशुपतिनाथ व बौद्धनाथचा स्तूप पूर्वेला, म्हणजे दिवसातला निम्मा वेळ गाडीतच जाणार आणि प्रत्येक ठिकाणी ड्रायव्हर घड्याळ दाखवत उभा राहणार.

टूरवाल्याशी बोला आणि निदान तीन पूर्ण दिवस मागून घ्या. एक दिवस पशुपतिनाथ आणि बौद्धनाथ, ही दोन्ही एकमेकांच्या जवळ आहेत आणि मधे गुह्येश्वरीचं शक्तिपीठही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंभू, मग हनुमानढोका म्हणजे काठमांडूचा दरबार स्क्वेअर (जुन्या राजवाड्यापुढचा देवळांचा चौक), आणि दुपारनंतर पाटण. तिसरा अख्खा दिवस भक्तपूर. बुढानीलकंठ ज्या दिवशी सकाळी लवकर निघणं होईल त्या दिवशी आधी करा, तिथे पाण्याच्या कुंडात शेषावर पहुडलेली एकाच दगडातली सुमारे पाच मीटर लांबीची विष्णूची मूर्ती आहे, सातव्या शतकातली, आणि सकाळची पूजा चालू असताना ती बघण्यात जी मजा आहे ती दुपारी नाही. आपल्या कार्तिकी एकादशीला तिकडे हरिबोधिनी म्हणतात आणि त्या दिवशी इथे मोठी जत्रा भरते. तुम्ही दिवाळीनंतर जाताय म्हणजे तारीख जुळूही शकते, पंचांग बघून ठेवा.

स्वयंभूला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत, चांगल्या उभ्या, तिकडून आई-बाबांना नेऊ नका. मागच्या म्हणजे पश्चिमेच्या बाजूने गाडी बरीच वरपर्यंत जाते, मग थोड्याच पायऱ्या राहतात, फक्त ड्रायव्हरला हे आधी सांगून ठेवा. माकडं खूप आहेत, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

आणि ठमेलचं शॉपिंग रात्री जेवणानंतर केलं तरी चालतं, त्यासाठी दरबार स्क्वेअरचा वेळ कापू नका.

प्रश्न: केदारनाथ झालं की पशुपतिनाथ करायलाच हवं असा सासूबाईंचा हट्ट आहे. तिथले नियम काय आहेत? आणि घाटावर उघड्यावर प्रेतं जळत असतात म्हणे, बरोबर मुलं आहेत तर न्यावं का? (एक वाचक, पुणे)

सासूबाईंचं बरोबर आहे, महिषरूपातल्या शंकराची पाठ केदारला आणि मुख पशुपतिनाथला ही पांडवांची कथा आपल्याकडे घराघरात सांगतात आणि त्यासाठीच मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जात आलाय. मुख्य मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश आहे. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स काही चालत नाही, आत फोटो काढायचे नाहीत. गाभाऱ्याला चार बाजूंना चार दारं आणि लिंगाला चारही दिशांना मुखं आहेत, त्यामुळे एका दारातून दर्शन घेऊन लगेच मागे फिरू नका, सावकाश चारही बाजूंनी दर्शन घ्या, गर्दीत लोक पुढे ढकलतात आणि एकच मुख बघून बाहेर पडायची वेळ येते. लिंगाला हात लावायचा अधिकार फक्त भट्ट पुजाऱ्यांना, ते कर्नाटकातून आलेले असतात, ही परंपरा काही शतकांची आहे. अभिषेक किंवा पूजा करायची असेल तर देवस्थानच्या काउंटरवर पावती फाडा, बाहेर कोणी गाठून "मी करून देतो" म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. दुपारी गाभारा बंद असतो म्हणून सकाळी लवकरच जा. सोमवारी आणि शनिवारी गर्दी जास्त, कारण नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. आपल्याकडे ज्या दिवशी हरतालिका त्याच दिवशी तिकडे तीज, लाल साड्या नेसलेल्या बायकांच्या मैलभर रांगा लागतात, तो सोहळा बघण्यासारखा आहे पण त्या दिवशी निवांत दर्शनाची आशा ठेवू नका.

आता घाटाचं. मंदिराला लागूनच बागमतीच्या काठावर आर्यघाट आहे आणि तिथे दिवसभर अंत्यसंस्कार चालू असतात, लपवलेलं काही नाही. माझं मत विचाराल तर मुलांना जरूर न्या, फक्त आदल्या दिवशी शांतपणे सांगून ठेवा की तिथे काय दिसेल आणि का. समोरच्या तीरावर दगडी पायऱ्या आहेत, तिथे बसलं की नदी, घाट, मंदिराचं सोनेरी छप्पर सगळं एकत्र दिसतं. पण मोबाइल खिशात ठेवा. कोणाचा तरी बाप नाहीतर आई चितेवर आहे आणि पलीकडून वीसजण झूम करून शूट करतायत, हे बघताना फार वाईट वाटतं. संध्याकाळी त्याच तीरावर आरती होते, तिला दिवसा जाऊन आलेल्यांनीही परत जावं, सासूबाईंना तर ती न दाखवता आणूच नका.

प्रश्न: मी लातूरचा, १९९३ चा भूकंप बघितलेला आहे. २०१५ ला काठमांडूत सगळं पडलेलं टीव्हीवर बघितलं होतं. आता तिथे जुनं काही उरलंय का, की सगळं सिमेंटमधे नवीन बांधलंय? तसं असेल तर पैसे घालवून काय बघायचं?

तुमचा प्रश्न फार मनाला लागला, आणि याचं उत्तर जरा सविस्तर देतो. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा धक्का बसला, नेपाळात जवळपास नऊ हजार माणसं गेली. काठमांडू खोऱ्यातल्या सात जागा, म्हणजे तीन दरबार स्क्वेअर, स्वयंभू, बौद्धनाथ, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण, १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि त्यातल्या तिन्ही दरबार स्क्वेअरमधली बरीच देवळं पत्त्यांसारखी कोसळली. ज्या काष्ठमंडपावरून शहराला नाव मिळालं तो लाकडी मंडप तर पूर्ण जमीनदोस्त झाला, त्या वेळी आत रक्तदान शिबिर चालू होतं आणि आत असलेली काही माणसं त्यातच गेली.

पण पुढे जे झालं तेच खरं बघण्यासारखं आहे. काष्ठमंडपाच्या जागी उत्खनन झालं तेव्हा पाया सातव्या शतकातला निघाला, म्हणजे लोक समजत होते त्यापेक्षा कितीतरी जुना, आणि तो भक्कम होता. मग स्थानिक लोक अडून बसले की इथे सिमेंट आणि लोखंड नको, आमच्या पूर्वजांनी जसं बांधलं तसंच बांधायचं, आणि आज तो मंडप लाकूड, विटा आणि मातीतच परत उभा आहे. आत गोरखनाथांचं स्थान आहे, नाथ संप्रदाय मानणाऱ्यांनी तर तिथे जायलाच हवं.

पाटणला जा म्हणजे अजून नीट कळेल. तिथे चारनारायण आणि हरिशंकर ही दोन मंदिरं पडली होती. लोकांनी ढिगाऱ्यातून कोरीव लाकडं गोळा केली, ती राजवाड्याच्या आवारात नेऊन ठेवली आणि पुढे नेवार, म्हणजे या खोऱ्यातल्या मूळ समाजातल्या, कारागिरांनी तीच परत जुळवून बसवली. छपराखालचे तिरके टेकू असतात ना, त्यांना तिकडे टुंडाल म्हणतात, प्रत्येकावर एकेक देवता कोरलेली असते, ते जवळ जाऊन निरखून बघा. काळपट, कडा झिजलेलं लाकूड जुनं आणि त्याला जोडलेला फिकट रंगाचा तुकडा नवा, एकाच देवाचा हात जुना आणि कोपर नवं असं दिसतं, आणि जोड लपवायचा प्रयत्न केलेला नसतो. तुम्ही भूकंपातून गेलेले आहात, तुम्हाला त्या एका टेकूपुढे दहा मिनिटं उभं राहावंसं वाटेल याची मला खात्री आहे.

न पडलेलंही पुष्कळ आहे. पाटणचं कृष्ण मंदिर, १६३७ सालचं, सिद्धिनरसिंह मल्ल राजाने बांधलेलं, सगळं दगडी, २१ कळसांचं, पहिल्या मजल्याभोवती महाभारत आणि दुसऱ्याभोवती रामायण पट्टीसारखं कोरलंय, ते टिकलं. काठमांडूतलं कुमारी घर, म्हणजे कुमारी देवी राहते ते घर, टिकलं. भक्तपूरचं न्यातपोल मंदिर तर १७०२ सालचं, पाच छपरांचं, १९३४ चा भूकंपही त्याने सोसला आणि २०१५ चाही. त्याचं जोतं पाच टप्प्यांचं आणि रुंद आहे, भिंती जाड आहेत आणि विटांच्या मधे लाकडाच्या चौकटी गुंफलेल्या आहेत. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खालून वर मल्ल म्हणजे पहिलवान, हत्ती, सिंह, शार्दूल आणि देवी अशा जोड्या आहेत, प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान असं लोक सांगतात. वर चढता येतं, पण गाभारा पुजाऱ्यांशिवाय कोणासाठी उघडत नाही.

तिकिटाचे पैसे वाया जातील ही शंका तर मनातून काढूनच टाका. भक्तपूरमधे प्रवेशाला तिकीट आहे आणि त्या पैशातून नगरपालिका जुन्या वास्तूंची कामं करते, गेली कित्येक वर्षं. आपल्याला सार्क देशांचा म्हणून कमी दर लागतो, पासपोर्ट किंवा ओळखपत्र जवळ ठेवा. मागच्या गल्लीतून तिकीट चुकवून आत जायच्या युक्त्या आपलेच लोक व्हिडिओत सांगतात, कृपा करून तसं करू नका.

प्रश्न: आम्ही दत्तभक्त, दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातो. नेपाळात दत्ताचं जुनं मंदिर आहे असं ऐकलंय, कुठे आहे? (एक वाचक, सांगली)

आहे, आणि फार सुंदर आहे. भक्तपूरच्या पूर्वेकडच्या भागात दत्तात्रेय चौक आहे, तिथे तीन मजली लाकडी-विटांचं दत्तमंदिर आहे, पंधराव्या शतकातलं, यक्ष मल्ल राजाच्या काळातलं. सगळं लाकूड एकाच झाडाचं अशी तिकडची श्रद्धा आहे. दाराशी न्यातपोलसारखेच दोन दगडी मल्ल राखणीला, समोर खांबावर गरुड आणि बाजूच्या खांबांवर शंख-चक्र. वाडीसारखी पालखी, करुणात्रिपदी असं काही तिथे नसणार हे मनात धरून जा. सकाळी सहा-सातच्या सुमाराला गेलात तर तांब्याच्या ताटलीत फुलं, अक्षता, कुंकू घेऊन आजूबाजूच्या बायका येतात, घंटा वाजवतात, पुढच्या देवाला जातात, टुरिस्ट अजून उठलेले नसतात. शेजारीच पुजारी मठ आहे, त्याच्या बाजूच्या अरुंद गल्लीत वर बघा, पिसारा फुलवलेल्या मोराची लाकडी खिडकी दिसेल. खिडकी आहे लहानच, पण त्या पिसाऱ्यातलं एकेक पीस वेगळं कोरलंय.

बहुतेक टूर भक्तपूरला दुपारी दोन तास देतात, राजवाड्याच्या चौकातून ५५ खिडक्यांचा फोटो काढून परत फिरतात आणि दत्तमंदिरापर्यंत पोचतच नाहीत कारण ते तिथून चांगलं पंधरा-वीस मिनिटं चालत आहे. म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगतो, भक्तपूरलाच एक रात्र मुक्काम करा. काठमांडूपासून तेरा-चौदा किलोमीटरच आहे, छोटी गेस्ट हाउस भरपूर आहेत, आणि मातीच्या कुल्हडातलं जुजु धौ म्हणजे तिथलं घट्ट गोड दही खाल्ल्याशिवाय निघू नका. अजून एक, मल्ल राजांची कुलदेवता तलेजु भवानी, तिला तुलजा भवानीही म्हणतात. काठमांडूतलं तिचं मंदिर सामान्य भाविकांसाठी वर्षातून एकदाच, दसैंच्या म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या सणातल्या नवमीला उघडतं, एरवी बाहेरूनच हात जोडायचे.

प्रश्न: कुमारी देवी म्हणजे नक्की काय? तिचं दर्शन होतं का? मला तर लहान मुलीला असं कोंडून ठेवणं पटत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

नेवार बौद्ध समाजातल्या शाक्य घराण्यातली लहान मुलगी निवडतात, तिला तलेजुचं रूप मानून हिंदू आणि बौद्ध दोघंही पुजतात, वयात आली की ती परत घरी जाते आणि नवी निवडतात. हनुमानढोक्याजवळचं तिचं घर १७५७ मधे जयप्रकाश मल्ल राजाने बांधलं. चौकात जाऊन उभं राहायचं, ती कधीतरी वरच्या खिडकीत क्षणभर येते, त्या वेळी फोटो काढायला सक्त मनाई आहे. इंद्रजात्रेत, म्हणजे भाद्रपदात, तिचा रथ निघतो तेव्हा दर्शन नीट होतं. तुमचा आक्षेप तिकडच्याही बऱ्याच लोकांचा आहे, नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधे तिचा शिक्षणाचा हक्क मान्य केला आणि आता तिला घरीच शिकवायला शिक्षक येतात. मलाही हे पूर्ण पटतं असं नाही, पण ती खिडकीत आल्यावर खालून हाका मारणं, शिट्ट्या वाजवणं तर मुळीच पटत नाही.

प्रश्न: कागदपत्रं, पैसे, सीझन, थोडक्यात सांगा. (बरेच वाचक)

व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, १५ ते ६५ वयातल्यांना आधारवर जाता येत नाही, विमानतळावरून परत फिरायची वेळ आणू नका. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६० रुपये, त्यामुळे भाव ऐकला की आधी विचारा, "आयसी की एनसी?", आयसी म्हणजे भारतीय आणि एनसी म्हणजे नेपाळी, तिकडे सगळे असंच बोलतात. शंभरच्या नोटा जास्त ठेवा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात छान, आकाश मोकळं असतं, फक्त दसैंचे मुख्य दिवस टाळा कारण बरीच दुकानं आणि हॉटेलं बंद असतात, सगळे गावाला गेलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कडाक्याची थंडी पडते आणि लहान हॉटेलांत हीटर असेलच असं नाही, आई-बाबा बरोबर असतील तर बुकिंग करतानाच विचारून घ्या.